वरच्या माडार

रात्री साडेदहाला बर्फाच्या कारखान्याचा हिशेब मिटवून
मी दाभोळीहून उडतो.
म्हणजे खुर्ची प्लास्टिकची, तिच्यात गोधडीची घडी,
दांडा वाडीतल्या सुताराकडून करून घेतलेला, फणसाचा,
आणि संगणक, भाच्याने नवा घेतला तेव्हा
एसटीच्या पार्सलातून आलेला.
विमान एका पंख्याचं, चार माणसांचं.
तिघांच्या जागा रिकाम्या.

जीपीएस बंद ठेवतो.
त्याच्यावर तर सुभान्याचा धाकटाही
झोपेत ट्रॉलर बंदरात आणतो.

बिकन मीच पेरलाय नकाशात.
तीनशे बारा किलोहर्ट्झ, देवगडच्या सड्यावर.
तिथे दीपगृह काढलेलं नाही, जेटी नाही,
किनारा घाईत कात्रीने कापलेला,
आणि आमचं घर समुद्रात, साधारण दोनशे मीटर.
आहे ती नुसती हाक.
डाऽ डि डि. डाऽ डाऽ डि.
हेडफोनचा डावा कान मेलाय,
त्यामुळे देवगड मला नेहमी उजवीकडूनच हाका मारतो.

सुई बिकनकडे बघते. तिला दुसरं काही येत नाही.
मीही तिच्या टोकावर नाक धरतो,
आणि तरी दर वेळी
मालवण डाव्या अंगाला दूर राहतं,
मी कणकवलीच्या डोंगरांवर,
आणि मग मोठा बाक घेऊन, लाजल्यासारखा,
पूर्वेकडून गावात शिरतो.
सुई पूर्ण वेळ खरं बोलत होती.
यंत्र तपासलं. तारा तपासल्या.
दोन महिने.

काल बापूस पाण्याला उठला.
रावजी तांडेल, वय एक्याऐंशी, एका डोळ्यात मोतीबिंदू,
विमानात कधी बसला नाही, बसायचं नाही म्हणतो.
तांब्या हातात, माझ्या पाठीमागे उभा.
बराच वेळ.
मग, "खंय जातंस?"
देवगडाक.
"वारो खंयचो?"
खारो. वीस नॉट. मीच लावलाय.
"मगे घसरतंस तू."

तांब्या त्याने कीबोर्डवर ठेवला (विमान जरा डुललं),
तळहात आडवा धरला, खाडीचं तोंड म्हणून,
दुसऱ्या हाताचं बोट म्हणजे होडी.
"ओहोटी लागली हा. तू देवळाच्या कळसार नाव धरलंस.
कळस दिसता, पण खालच्या खडपार जातलंस.
वरच्या माडार धर.
पाणीच तुका देवळाकडे हाडतला."

मी नाक डावीकडे वळवलं, समुद्राकडे,
जिथे मला जायचं नव्हतं.
सुई उजवीकडे सरकली.
दहा अंशांवर येऊन थांबली
आणि हललीच नाही.
आचरा गेलं, कुणकेश्वर गेलं, म्हणजे त्यांच्या जागा गेल्या,
हिरव्या रंगाचे तुकडे,
आणि मी तिरका, खेकड्यासारखा,
आयुष्यात पहिल्यांदा सरळ चाललो होतो.

त्याला हे सांगावं म्हणून वळलो तर
तो माझ्या पलंगावर बसला होता,
डोळे मिटलेले, हेडफोनमधून गळणारी ती हाक
ऐकत असावा, किंवा नसावाही.
कारखान्यात पहाटे चारला गाडी लागते.
मी झोपायला हवं होतं.

मग सुई थरथरली,
एकदा डावीकडे गेली, परत आली,
आणि सावकाश फिरून शेपटीकडे बघायला लागली.
बिकनवर पोचलात हे बिकन सांगत नाही.
तो मागे पडला की कळतं.

"लागलंव काय?" डोळे न उघडता बापूस.
म्हटलं, हो, पण धावपट्टी नाही हय.
खाली पाणीच आसा. आमच्या घरावर.
"मगे नांगर टाक."

मी पॉजचं बटण दाबलं.
पंखा थांबला. विमान पडलं नाही.
तांब्यातलं पाणी तेवढं अजून हलत होतं.